मात्तेओत्तीचा खून आणि तेलाचा करार

राजकीय हिंसेवर काम करणाऱ्या इतिहासकाराने भ्रष्टाचाराच्या भानगडीत कशाला पडावं, तो वेगळाच विषय, असं काही जण म्हणतात. नाही पटत. इटलीचे मावरो कानालीच बघा. कामेरिनो विद्यापीठात समकालीन इतिहासाचे प्राध्यापक राहिलेले, फॅसिझमचे इतिहासकार रेन्झो दे फेलिचे यांच्या तालमीतले. त्यांचं गाजलेलं काम जाकोमो मात्तेओत्तीच्या खुनावरचं.

३० मे १९२४ला या समाजवादी खासदाराने संसदेत मुसोलिनीच्या फॅसिस्टांनी निवडणुकीत केलेल्या मारहाणीचा आणि गैरप्रकारांचा पाढा वाचला. १० जूनला रोममध्ये, टायबरकाठच्या रस्त्यावरून, दिवसाढवळ्या फॅसिस्टांनी त्याला गाडीत कोंबून नेलं. प्रेत सापडलं ते थेट १६ ऑगस्टला, शहराबाहेरच्या रानात. भाषणाचा सूड, असा सरळ हिशोब बरेच जण मांडतात. कानालींनी बोट ठेवलं ते सिंक्लेअर ऑइल या अमेरिकी कंपनीला इटलीत तेल शोधण्याच्या मिळालेल्या मक्त्यावर. त्यातल्या लाचखोरीचे पुरावे मात्तेओत्तीच्या हाती लागले होते आणि तो ते उघड करणार होता, हा त्यांचा युक्तिवाद.

सगळ्या इतिहासकारांना हे मान्य नाही. मलाही भाषण अगदीच बाजूला सारता येत नाही. पण मारेकरी आणि पैसा वेगवेगळ्या कपाटांत ठेवले असते तर हा प्रश्न पडलाच नसता.

जाता जाता: तपासाच्या कागदपत्रांची एक प्रत लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आहे. ती तिथे पोचवली गाएतानो साल्वेमिनींनी. तेही इतिहासाचेच प्राध्यापक, मुसोलिनीच्या राजवटीमुळे परागंदा झालेले!