लघुकथेचा शेवट जमतच नाहीये, तुम्ही कसा करता?

वहीतली_शाई:
कथा लिहून झालीये पण शेवटावर गाडी अडलीये. दोन भाऊ, वाटणीवरून बोलणं बंद, धाकट्याला घर विकायचंय म्हणून तो थोरल्याची सही घ्यायला येतो. आता गळाभेट घातली तर फारच फिल्मी वाटतंय, थोरल्याला हार्ट अटॅक दिला तर मलाच माझा राग येतोय, आणि तसंच सोडून दिलं तर मैत्रीण म्हणाली 'पुढचं पान कुठंय?' म्हणजे ओपन एंडिंग पण फसलं.

कावळ्याची_नजर:
हार्ट अटॅक नको प्लीज. लेखकाला सुचेनासं झालं की पात्रं मरतात आणि वाचकाला ते लगेच कळतं. धाकटा सहीसाठी आलाय ना, मग वाचक त्या सहीचीच वाट बघत असणार, ती होते का आणि कशी होते एवढंच दाखव. समजा थोरला कागद न वाचताच सही करून टाकतो. पण हा लाइटबिलसुद्धा दोनदा वाचणारा माणूस आहे हे आधी कुठंतरी ओझरतं येऊन गेलेलं पाहिजे, नाहीतर त्या सहीला वजनच येणार नाही. बऱ्याचदा शेवट बिघडलेला नसतोच, त्याची तयारी मधे राहून गेलेली असते.

उगाच_एक:
+1. आणि सही झाली की थांब, धाकट्याला काय वाटलं वगैरे नको. मोपासांची 1884 ची 'नेकलेस' बघ (स्पॉयलर आहे, सॉरी). उसना आणलेला हार हरवतो, तो भरून द्यायला काढलेलं कर्ज नवराबायको 10 वर्षं राबून फेडतात आणि मग मैत्रीण सांगते तो हार खोटाच होता, फार तर 500 फ्रँकचा. संपली गोष्ट. बाई रडली की चक्कर येऊन पडली, एक अक्षर नाही.

रात्रपाळी:
मला ट्विस्टचा कंटाळा येतो बुवा. ओपन ठेव की बिनधास्त, फक्त आत काहीतरी हललेलं हवं. चेकॉव्हच्या 1899 च्या 'लेडी विथ द डॉग'मधे दोघांची लग्नं दुसरीकडे झालेली, शेवटीसुद्धा मार्ग सापडलेला नसतो, पण टाइमपास म्हणून सुरुवात केलेल्या त्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा खरं प्रेम झालंय हे त्याला कळून चुकलेलं असतं. तुझ्या मैत्रिणीला पान कमी पडलं नसेल, भाऊच पहिल्या पानावर होते तिथेच राहिले असतील.

वहीतली_शाई:
लाइटबिल ढापतेय 😄 सहीनंतर थोरल्याची बायको दारामागून सगळं ऐकून डोळे पुसते असा एक परिच्छेद आहे, तो ठेवू का?

कावळ्याची_नजर:
उडव.