कुमासीचा मान्हिया राजवाडा: आईबाबांना घेऊन जावं का?

टेमावासी
नमस्कार मंडळी. नवऱ्याच्या नोकरीमुळे दीड वर्षापासून आम्ही घानात, टेमाला राहतो. डिसेंबरमध्ये आईबाबा रत्नागिरीहून महिनाभर येतायत. बाबा शाळेत इतिहास शिकवायचे, त्यामुळे केप कोस्टचा किल्ला ठरलेलाच आहे. कुमासीला असांते राजांचा मान्हिया राजवाडा आणि संग्रहालय आहे, तेही दाखवावं असं मनात आहे. आम्ही अजून गेलेलो नाही. राजधानी आक्रापासून साधारण अडीचशे किलोमीटर, बाबांचे गुडघे दुखरे, आई पूर्ण शाकाहारी. एवढा प्रवास करण्याजोगं आहे का? किती दिवस ठेवावेत? अक्वासिडे नावाचा दरबार भरतो म्हणतात, तो गाठायचा का?

सांजवारा
नक्की न्या. मी कुमासीत चार वर्षं होते, आलेल्या प्रत्येक पाहुण्याला तिथे नेलंय. फक्त बाबांना आधीच सांगून ठेवा की म्हैसूरसारखा वाडा नाही. संग्रहालय आहे तो एक साधा दुमजली बंगला. मूळचा दगडी वाडा 1874 च्या युद्धात इंग्रजांनी कुमासी जाळली तेव्हा सुरुंग लावून उडवला. आताचं घर 1925 चं.

तुम्ही रत्नागिरीचे, म्हणून हे मुद्दाम लिहितेय. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी आणून तुमच्याकडे ठेवलं, तसंच इथल्या असांते राजाला, पहिल्या प्रेम्पेला, 1896 मध्ये पकडून आधी सिएरा लिओनला आणि 1900 मध्ये सेशेल्सला नेलं. थिबा 1916 मध्ये रत्नागिरीतच वारला. प्रेम्पे मात्र 1924 मध्ये परत आला. त्याच्यासाठी इंग्रजांनी बांधलेलं घर हेच. आणि असं सांगतात की ते फुकट घ्यायला त्याने नकार दिला, पैसे चुकते केल्यावरच असांते लोकांनी ते आपलं मानलं. थिबा पॅलेस लहानपणापासून पाहिलेल्या माणसाला या खोल्यांत काय वाटेल, याची मला फार उत्सुकता आहे.

आत राजांचे आणि राजमातांचे माणसाएवढे पुतळे आहेत, त्याच्यानंतरच्या राजाच्या, दुसऱ्या प्रेम्पेच्या, वापरातलं सामान आहे. 1974 पर्यंत राजे इथेच राहत. नंतर शेजारी नवा वाडा झाला आणि हे घर 1995 मध्ये संग्रहालय म्हणून उघडलं. गाइड घेऊनच फिरायचं. तो आधी चित्रफीत दाखवतो, मग खोल्या. बराच वेळ उभं राहावं लागतं, तेव्हा बाबांसाठी बसायला मागून घ्या, लोक वडीलधाऱ्यांचं फार करतात. मी असताना आत फोटो काढू देत नव्हते.

सोन्याचं आसन, सिका ड्वा कोफी, तिथे ठेवलेलं नाही. ते कुणालाच सहज दिसत नाही. त्यावर खुद्द राजाही बसत नाही, कारण सगळ्या असांते लोकांचा प्राण त्यात आहे अशी श्रद्धा. आपण ‘सातारची गादी’ म्हणतो तेव्हा कापसाची गादी मनात नसते ना, तसंच. 1900 मध्ये इंग्रज गव्हर्नर हॉजसनने ते आसन स्वतःला बसायला मागितलं आणि त्यावरून युद्ध पेटलं. एजिसूची राजमाता या असांतेवा त्यात पुढे होती. तिलाही सेशेल्सला पाठवलं, ती तिथेच 1921 मध्ये गेली. बाबांना झाशी आठवेलच.

उत्तररात्र
सांजवारांनी सगळं लिहिलंच आहे, दोन गोष्टी जोडतो. 2024 मध्ये लंडनच्या ब्रिटिश म्युझियम आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमकडून 32 वस्तू मान्हियात आल्या. त्यातल्या बऱ्याच लढायांतल्या लुटीच्या. पण त्या आल्या तीन वर्षांच्या उसनवारीवर! मूळ मालकाला स्वतःची वस्तू उसनी घ्यावी लागते, याचा मला तिथे उभं राहून संताप आला. त्याच वर्षी लॉस एंजेलिसच्या फाउलर म्युझियमने मात्र सात वस्तू कायमच्या परत केल्या. उसन्या वस्तू डिसेंबरमध्ये मांडलेल्या असतील का, ते फोन करून विचारा.

अक्वासिडे दर 42 दिवसांनी, रविवारीच येतो. तारखा जाहीर होतात. जमत असेल तर त्याच्यावरच सहल बेता. असांतेहेने, म्हणजे असांते राजे, मोठमोठ्या छत्र्यांखाली सोनं लेवून बसतात, फोंटोमफ्रोम नगारे छातीत घुमतात, सरदार केंटे हे हातमागाचं रंगीत वस्त्र नेसून मुजऱ्याला येतात. पर्यटकांसाठी मांडलेला तो कार्यक्रम नाही, म्हणून मागच्या बाजूला शांतपणे थांबायचं. संग्रहालय आदल्या दिवशी उरका. काळे-लाल कपडे नकोत, ते मयताचे रंग. आणि काही देता-घेताना उजवा हात, हे आपल्याला सांगायला नकोच.

टेमावासी
केवढं छान लिहिलंत दोघांनी! आता जेवण आणि प्रवासाचं कुणी सांगेल का?

राजेळी
विमानाने जा, पाऊण तासात कुमासी. बसने पाच-सहा तास तरी लागतात, दुखऱ्या गुडघ्यांना ते नको. आईंसाठी रेड-रेड मागवा: पामतेलातली चवळीची उसळ आणि तळलेली पिकी केळी, अगदी आपल्या राजेळीसारखी. पण त्यात मासा घालतात का, हे दर वेळी विचारा, कारण मासा इथे शाकाहारातच धरतात. केलेवेले, म्हणजे मसाला लावून तळलेली केळी, निर्धास्त खावीत.

दोघांना पीतज्वराची लस घेतल्याचा दाखला लागेल, प्रवासाच्या दहा दिवस आधी तरी. साठीच्या पुढच्यांना ती देताना डॉक्टर जास्त जपून ठरवतात, तेव्हा आधी त्यांच्याशी बोला. मलेरियाच्या गोळ्याही विचारा.

दिवस तीन ठेवा. एक मान्हियाचा, एक कुमासीजवळच्या बोनवायरे गावाचा. तिथे विणकर मागावर केंटेच्या चार बोटं रुंदीच्या पट्ट्या विणतात आणि मग त्या जोडून वस्त्र करतात. पैठणी विणताना पाहिलेल्या बाईला तिथून उठवावं लागतं, माझ्या सासूबाई दोन तास बसल्या होत्या.

टेमावासी
बाबांना रात्री फोनवर सगळं वाचून दाखवलं. थिबाचं ऐकून थोडा वेळ गप्प झाले, मग म्हणाले, परत आलेल्या राजाचं घर बघायचंच. लशीबद्दल ते उद्या डॉक्टरांना विचारतील. अक्वासिडेची तारीख कळली की तिकिटं आदल्या शुक्रवारची काढते.