मदत हवी आहे: बोकडाच्या आतड्यातल्या 'एम पेशी' बारावीच्या मुलांना कशा दाखवू?

नमस्कार मंडळी,

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात बारावीला जीवशास्त्र शिकवतो. यंदा पावसाळ्यात आमच्या भागात टायफॉइडचे बरेच पेशंट निघाले, वर्गातल्या काही पोरांच्या घरीही. तेव्हा एका मुलीने विचारलं, "सर, जंतू पाण्यातून पोटात जाते हे समजलं, पण आतड्यातून रक्तात कसा काय घुसते?" एनसीईआरटीच्या पुस्तकात पायर पॅचेसचं नुसतं नाव आहे, पुढे काही नाही. म्हणून वाचायला बसलो.

लहान आतड्याच्या भिंतीत, शेवटाकडे जास्त, लिम्फॉइड (रोगप्रतिकार करणाऱ्या) पेशींचे पुंजके असतात, तेच पायर पॅचेस. योहान पायर या स्विस डॉक्टरने १६७७ मध्ये त्यांचं वर्णन केलं. त्यांच्यावरच्या आवरणात थोड्या पेशी निराळ्या असतात, त्या एम पेशी. शेजारच्या पेशींवर सूक्ष्मांकुरांची दाट झालर असते, यांच्यावर ती आखूड आणि विस्कटलेली. श्लेष्माही तिथे कमी. १९७४ मध्ये ओवेन आणि जोन्स यांनी माणसाच्या आतड्यात त्या इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली दाखवल्या. पोकळीतला जंतू किंवा प्रथिनाचा कण उचलायचा आणि फारसा न पचवता पेशीच्या आरपार नेऊन खाली सोडायचा, हे त्यांचं काम. खालच्या बाजूला पेशीला खळगा असतो, त्यात लिम्फोसाइट आणि डेन्ड्रायटिक या रोगप्रतिकारक पेशी जणू दाणे तपासायला बसलेल्या. या तपासणीतून पुढे आयजीए, म्हणजे आतड्याच्या अस्तरावर पहारा देणारी प्रतिपिंडं, तयार होतात.

टायफॉइडचा जंतू हाच दरवाजा वापरतो. उपचार न झालेल्या रोग्याच्या आतड्याला भोक पडतं, ते बहुतेक याच पुंजक्यांच्या जागी. शरीराने पहाऱ्यासाठी ठेवलेल्या वाटेनेच शत्रू आत येतो, हे पोरांना डोळ्यांनी दाखवावं अशी माझी फार इच्छा आहे.

बाजाराच्या दिवशी खाटकाकडून बोकडाची आतडी आणली, उभी चिरून धुतली आणि खिडकीच्या उजेडात धरली. शेवटच्या भागात एक लांब, जाडसर पट्टा हाताला लागतो. आतड्याच्या त्याहून वरच्या भागात सुटे अंडाकृती डाग आहेत. हेच पायर पॅचेस ना? आणि कॉलेजच्या साध्या मायक्रोस्कोपने एम पेशी दिसतील का?

प्रतिसाद

सर, मी पशुवैद्यक आहे, वाशीमकडचा. ओळखलंत ते बरोबर. सुटे डाग जेजुनमचे (लहान आतड्याचा मधला भाग), ते जनावरात आयुष्यभर राहतात. लांब पट्टा इलियमचा (लहान आतड्याचा शेवटचा भाग). तो कोवळ्या वयात मोठा असतो, वय वाढलं की विरत जातो. म्हणून खाटकाला सांगून पाटीचं (कोवळ्या शेळीचं) किंवा लहान बोकडाचंच आतडं मागा.

एम पेशी मात्र साध्या मायक्रोस्कोपने खात्रीने ओळखता येणार नाहीत. त्याचा हट्ट सोडा, घुमट दाखवा. पॅचच्या छेदात (पातळ कापात) दोन अंकुरांच्या, म्हणजे अस्तरावरच्या बोटासारख्या उंचवट्यांच्या, मध्ये पुंजक्याचा घुमट वर येतो. पीएएस हा श्लेष्मा रंगवणारा रंग दिला की अंकुरांवरच्या गॉब्लेट (श्लेष्मा बनवणाऱ्या) पेशी गडद गुलाबी होतात, घुमटावर त्या जवळजवळ नसतात. हा फरक मुलांना लगेच दिसेल.

एक सांगतो, घरी आणेपर्यंत थांबू नका. आतड्याचं अस्तर जनावर कापल्याबरोबर सुटायला लागतं. दहा टक्के फॉर्मॅलिनची बरणी दुकानातच न्या, तुकडे छोटे ठेवा, हातमोजे घाला.

आमच्याकडे जोन्स रोगात (Johne's disease, जनावरांच्या आतड्याचा जंतुजन्य रोग; वरच्या संशोधक जोन्स यांच्याशी संबंध नाही) हेच पॅचेस बघतो. त्या रोगाचा जंतूही एम पेशींतूनच आत जातो. शेळी चारा खाते पण वाळत जाते, आणि शेळीला हगवण लागेलच असं नाही, त्यामुळे मालकाच्या उशिरा लक्षात येतं. तुमच्या मुलांच्या घरी शेळ्या असतीलच, हेही सांगा.

मूळ धागाकर्ता

डॉक्टरसाहेब, मनापासून आभार. शेळीचं उदाहरण तर उद्याच सांगतो, निम्म्या वर्गाच्या घरी शेळ्या आहेत.

आता अडचण छेदाची. आमच्याकडे मायक्रोटोम (अगदी पातळ छेद कापायचं यंत्र) नाही, पीएएसचा रंगही नाही. अमरावती, अकोला किंवा यवतमाळच्या बाजूला कोणाच्या कॉलेजात सोय असेल तर कळवा. फॉर्मॅलिनमधले तुकडे घेऊन मी स्वतः येईन, येण्याजाण्याचा आणि रंगाचा खर्च माझा. दोन-चार चांगल्या स्लाइड मिळाल्या तरी पुढच्या बॅचेसनाही दाखवता येतील.