म्युटेशनने फक्त बिघाडच होतो का? उत्क्रांती की रचनाकार?

आडवाट:
बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून धागा काढतोय. म्युटेशन म्हणजे डीएनएची नक्कल होताना झालेली चूक, बरोबर? सिकल सेल घ्या, हिमोग्लोबिनच्या जीनमधलं एक अक्षर बदलतं, ए च्या जागी टी, आणि गोल लाल पेशी विळ्यासारखी वाकडी होते, माणूस जन्मभर दुखणं काढतो. अशा चुकांवर चुका रचून डोळा तयार झाला हे मला पटत नाही. रचनाकाराची बाजू मांडणारे अमेरिकी जीवरसायनशास्त्रज्ञ मायकेल बीही यांनी १९९६ मध्ये बॅक्टेरियाच्या शेपटीचा मुद्दा मांडला, अख्खी मोटर आहे ती, एक भाग काढा, फिरणं बंद, मग अर्धवट असताना ती टिकली कशी? मला यामागे बुद्धी दिसते.

पेट्रीडिश:
सिकल सेल अर्धंच सांगितलंत. त्या जीनची एकच प्रत बदललेली असेल तर माणूस सहसा ठणठणीत असतो आणि वर गंभीर मलेरियापासून बराच वाचतो, म्हणून तर जिथे पिढ्यानपिढ्या मलेरिया होता तिथे हे जीन जास्त सापडतं. चूक तीच, निकाल वेगळा.

आणि जीवशास्त्रज्ञ रिचर्ड लेन्स्कींचा प्रयोग बघा. १९८८ पासून १२ फ्लास्कमध्ये ई. कोलाय (आपल्या आतड्यातला बॅक्टेरिया) वाढवतायत, रोज थोडे नव्या द्रावणात टाकायचे. त्यात ग्लुकोज जेमतेम, सायट्रेट (लिंबातल्या आम्लाचं रूप) भरपूर, पण ऑक्सिजन असताना ई. कोलायला सायट्रेट खाता येत नाही. साधारण ३३,००० पिढ्यांनंतर एक फ्लास्क एकदम गढूळ झाला, म्हणजे बॅक्टेरिया भरमसाठ वाढले. आधी वाटलं बाहेरचा बॅक्टेरिया शिरला, तपासलं तर घरचाच निघाला, सायट्रेट खायला शिकलेला!

आडवाट:
लेन्स्की येणार हे माहीत होतं. सायट्रेट आत घेणारं जीन त्याच्याकडे आधीपासून होतं हो, जादा प्रत पडली आणि ती ऑक्सिजनमध्ये चालू राहणाऱ्या स्विचशेजारी जाऊन बसली, इतकंच. नवीन यंत्र कुठाय? आणि त्याच प्रयोगात १२ च्या १२ गटांनी रायबोज नावाची साखर पचवायची क्षमता घालवली ते कोणी सांगत नाही.

पेट्रीडिश:
रायबोजचं मान्य. द्रावणात रायबोज नव्हतंच, लागत नव्हतं ते गेलं. पण "जादा प्रत पडली, इतकंच" म्हणताय ना, नवीन गोष्टी येण्याची मोठी वाट तीच आहे. लाल आणि हिरवा ओळखणारी आपली दोन जीन्स एक्स क्रोमोसोमवर शेजारी शेजारी बसलीत, जवळपास जुळी. मूळ जीन एक, त्याची प्रत पडली, प्रतीत थोडे बदल झाले आणि पिकलेलं फळ हिरव्या पानांत उठून दिसायला लागलं. ही क्षमता आधी नव्हती. आणि दोघं इतकी सारखी आणि इतकी जवळ असल्यामुळेच पुढच्या पिढीत जाताना त्यांची अदलाबदल होऊन घोळ होतो, पुरुषांकडे एक्स एकच, म्हणून लाल-हिरव्याचा रंगांधळेपणा त्यांच्यात जास्त. जाणूनबुजून मांडणी करणाऱ्याने अशी का केली असती?

ओवी:
मी देव मानते, मनापासून मानते, तरी रचनाकाराचा युक्तिवाद मला नको वाटतो. आज कळलं नाही तिथे देवाला बसवायचं आणि उद्या कळलं की उठवायचं, ही कसली श्रद्धा? व्हिटॅमिन सी बनवणारं जीन आपल्यात आहे पण मोडकं, आणि चिंपांझीतही मोडकंच.

आडवाट:
गिनीपिगमध्येही ते मोडकंच आहे, मग तो पण आपला भाऊबंद का?

ओवी:
त्याचं वेगळ्या प्रकारे मोडलंय. दोन पोरांचं गणित चुकलं तर त्यात विशेष काही नाही, पण त्याच ओळीत तीच चूक दिसली की मास्तर कॉपी ओळखतात. आपलं आणि चिंपांझीचं तसं आहे.

आडवाट:
हा मुद्दा लागला. तसे समान पूर्वज बीहीही मानतात, माझाही त्यावर हट्ट नाही. पण शेपटीला कोणी हातच लावला नाही.

पेट्रीडिश:
लावतो. शेपटीच्या तळाशी जी प्रथिनं आहेत तशाच प्रथिनांची सुई प्लेगच्या बॅक्टेरियात असते, त्यातून तो आपल्या पेशीत घातक प्रथिनं टोचतो. शेपटीपेक्षा भाग कमी, फिरत नाही, पण काम चोख.

आडवाट:
पण ती सुई शेपटीपासूनच निघाली असं जीन्सची तुलना करणारे सांगतात ना? मग ती आधीची पायरी कशी?

पेट्रीडिश:
बरोबर, म्हणून मी तिला पायरी म्हणतच नाहीये. तुमचा दावा होता की भाग काढले की उरलेलं निकामी. इथे भाग गेलेत आणि उरलेलं चालतंय.