लेट्रोझोलवर आजार वाढला: ईएसआर१ जुन्या ब्लॉकवर तपासायचं की रक्तावर?

प्रश्न (निवासी_डॉक्टर):
स्तनाच्या कर्करोगाची, पाळी गेलेली रुग्ण, ईआर (इस्ट्रोजेन रिसेप्टर) ९० टक्के, हर२ (पेशींना वाढीचा संदेश देणारं प्रथिन) निगेटिव्ह. आजार हाडांत पसरल्यावर लेट्रोझोल (इस्ट्रोजेन बनणं रोखणारं औषध) आणि पाल्बोसिक्लिब (पेशींचं विभाजन रोखणारी गोळी) दोन वर्षं चाललं. आता यकृतातही डाग दिसतायत. ईएसआर१ (इस्ट्रोजेन रिसेप्टरचं जनुक) म्युटेशन बघायचंय. ऑपरेशनच्या वेळचा ब्लॉक (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) आहे, त्यावरच करून टाकावं का? सोबत सीवायपी२डी६ही (औषधांवर काम करणाऱ्या एका एन्झाइमची जनुक चाचणी) काढावी का?

स्लाइडवाला:
त्या ब्लॉकवर ईएसआर१ करणं म्हणजे पैसे पाण्यात. मूळ गाठीत हे म्युटेशन क्वचितच असतं. लेट्रोझोलने इस्ट्रोजेन बंद पडलं की ज्यांचा रिसेप्टर त्याच्याविना चालू राहतो त्या पेशी तगतात. वाय५३७एस आणि डी५३८जी हे नेहमीचे दोन बदल. रक्तच पाठवा, तेही पुढचं औषध सुरू करायच्या आधी. औषध लागू पडलं की रक्तातला गाठीचा डीएनए घटतो आणि म्युटेशन निसटतं.

जांभळ्या बुचाची ट्यूब असेल तर काही तासांत प्लाझ्मा वेगळा झाला पाहिजे. नाहीतर पांढऱ्या पेशी फुटतात आणि त्यांच्या डीएनएत म्युटेशन बुडून जातं. कुरिअरने जाणार असेल तर स्ट्रेक ट्यूब (पेशी फुटू न देणारी): १० मिलीच्या दोन, काठोकाठ भरलेल्या, भरल्या भरल्या दहा वेळा हलक्या हाताने उलट्यासुलट्या करायच्या. बर्फात ठेवायच्या नाहीत (कलेक्शनवाला हमखास ठेवतो, आधीच बजावा).

जनुकवाचक:
पीआयके३सीए (आणखी एका जनुकातलं म्युटेशन) त्याच पॅनलमध्ये मागा. ते बहुधा सुरुवातीपासूनच असतं, त्यामुळे त्याला जुना ब्लॉकही चालतो.

रक्ताचा रिपोर्ट निगेटिव्ह आला तर गाठीचा डीएनए मुळात सापडला होता का, ते आधी बघा. नसेल तर ते निगेटिव्ह धरू नका, बायोप्सी करा. यकृतातून जमलं तर उत्तम. हाडाचा तुकडा कडक आम्लात मऊ केला तर डीएनएचा चुरा होतो, त्याऐवजी ईडीटीए हे सौम्य रसायन वापरायला सांगा.

ईएसआर१ पॉझिटिव्ह आल्यास एलासेस्ट्रंट (इस्ट्रोजेन रिसेप्टर नष्ट करणारी गोळी). अमेरिकेच्या एफडीएची मंजुरी २०२३ची. तिच्या एमराल्ड चाचणीत म्युटेशनवाल्यांत आजार न वाढता राहण्याचा मध्यक काळ ३.८ महिने, नेहमीच्या हार्मोन औषधांवर १.९. फार नाही, पण आधीची पाल्बोसिक्लिबसारखी गोळी वर्षभर तरी टिकलेल्यांत तो ८.६ होता.

औषधपेटी:
सीवायपी२डी६ सोडा. ते एन्झाइम टॅमॉक्सिफेनचं (इस्ट्रोजेन रिसेप्टर अडवणारं औषध) एंडॉक्सिफेन (त्याचं जास्त प्रभावी रूप) करतं, लेट्रोझोलशी संबंध नाही. टॅमॉक्सिफेनसाठीही एएस्को (अमेरिकेतली कर्करोगतज्ज्ञांची संघटना) ती चाचणी सरसकट सुचवत नाही. त्यापेक्षा पॅरॉक्सेटिन, फ्लुऑक्सेटिन (नैराश्यावरची औषधं) चालू आहे का ते विचारा. दोन्ही हे एन्झाइम दाबतात. आणि कधी काढलीच तर रक्तावर. गाठीत हे जनुक असलेला २२व्या गुणसूत्राचा तुकडा गळालेला असू शकतो, मग जीनोटाइप चुकीचा येतो.