मदत हवी आहे: लेसी स्टर्मच्या ‘लाइफ स्क्रीम्स’ची सीडी भारतात कुठे मिळेल?

नमस्कार मंडळी,

टेक्सासच्या फ्लायलीफ बँडची गायिका लेसी स्टर्म २०१२ मध्ये बँडमधून बाहेर पडली आणि २०१६ च्या फेब्रुवारीत तिचा पहिला एकल अल्बम ‘लाइफ स्क्रीम्स’ आला. ‘बिलबोर्ड’ या अमेरिकन संगीत मासिकाच्या हार्ड रॉक अल्बम यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचलेली ती पहिली एकल गायिका.

मला मात्र क्रमांकापेक्षा आवाज भिडला. किशोरवयात ती नास्तिक होती, आयुष्य संपवायचं तिने ठरवलं होतं. आजीच्या आग्रहाने चर्चमध्ये गेली आणि तिथेच तिचं मन पालटलं. फ्लायलीफच्या गाण्यांतही हे होतंच, पण इथे ती जणू समोर बसून स्वतःचंच सांगते आहे असं वाटतं. ‘इम्पॉसिबल’ ऐकताना तर अंगावर काटा येतो. तिची किंकाळी रागाची वाटतच नाही, जगायची धडपड वाटते. (मी स्वतः ख्रिस्ती नाही, तरी ही श्रद्धा मला परकी वाटली नाही.)

माझी भाची सोळा वर्षांची आहे, हे वर्ष तिला फार जड गेलं. तिला हा अल्बम हातात द्यायचा आहे, नुसती लिंक नको. एका ऑनलाइन दुकानाने दोनदा ऑर्डर घेऊन रद्द केली. पुण्या-मुंबईत किंवा गोव्यात कुठे मिळेल का? अमेरिकेतून कुणी येणार असेल तर आणाल का? पैसे आधीच पाठवते.

आणि यानंतर तिला काय ऐकवावं, तेही सुचवा.