अनुभव धागा: वाक्य येतं, परिच्छेद येत नाही

शनिवारची बॅच:
डोंबिवलीत नोकरदार आणि गृहिणींना इंग्रजी शिकवते. वय २६ ते ५८. अगदी नवशिके नाहीत. अडखळत का होईना बोलतात, सुटं वाक्य नीट लिहितात. पण सहा-सात वाक्यं एकाखाली एक लिहायला सांगितली की काय होतं कोण जाणे, माणूस गायब होतो आणि शाळेचा निबंध उरतो.

गेल्या महिन्यात विषय दिला, 'माझ्या कामातली एक अडचण'. १४ पैकी ९ जणांची सुरुवात 'वर्क इज वर्शिप'. एमआयडीसीत डाईंग मास्टर असलेले एक काका आहेत. लिहिण्याआधी त्यांनी मराठीत सांगितलं: कापडाच्या रंगाची शेड कशी चुकली, अख्खा लॉट कसा परत आला, रात्री दोनला मालकाला फोन करताना हात कसा थरथरत होता. वर्ग चिडीचूप. मग कागदावर आलं ते हे: 'माय कंपनी इज व्हेरी गुड. देअर आर मेनी मशीन्स. समटाइम्स प्रॉब्लेम कम्स. बट वुई सॉल्व्ह इट.' व्याकरणाची चूक जेमतेम एक. आणि कळलं काहीच नाही.

मोठ्यांना इंग्रजी परिच्छेद शिकवणाऱ्यांनी (आणि शिकणाऱ्यांनीही) लिहा. वर्गात नेमकं काय केलंत ते हवंय. फसलेलं असेल तर आधी.

मिरजेचा वॉर्ड:
मी नर्सना ओईटीच्या लेखनासाठी तयार करते. आरोग्य क्षेत्रातल्या लोकांची ही इंग्रजीची परीक्षा. लेखनाला ४५ मिनिटं, त्यातली पहिली ५ नुसती वाचायची. रुग्णाच्या नोंदी देतात, त्यावरून साधारण १८० ते २०० शब्दांचं पत्र लिहायचं, बहुतेक वेळा रुग्णाला पुढे जो सांभाळणार त्याला.

माझ्या मुली (मुली म्हणते, पण काहींची लेकरं कॉलेजात आहेत) नोंदी ज्या क्रमाने दिल्या त्याच क्रमाने उतरवायच्या. दाखल कधी झाले, आधीचे आजार, वडिलांना मधुमेह, धूम्रपान कधी सोडलं. आणि शेवटून दुसऱ्या ओळीत: जखमेतून पू येतोय, रोज ड्रेसिंग हवं. पत्र कोणाला? घरी जाऊन ड्रेसिंग करणाऱ्या नर्सला!

वर्षभर मी 'टॉपिक सेंटेन्स, टॉपिक सेंटेन्स' (परिच्छेदाचा मुद्दा सांगणारं वाक्य) करत राहिले. व्याख्या फळ्यावर लिहिली, पाठ करून घेतली. व्याख्या आली सगळ्यांना.

मग एक दिवस एक सीनियर सिस्टर उशिरा आली. दारातच फोनवर पुढच्या ड्युटीवालीला राहिलेला हँडओव्हर देत होती. "सात नंबरचं बीपी खाली येतंय. कालचं ऑपरेशन. लघवी कमी आहे, मला ब्लीडिंगची शंका वाटते. सरांना कळवलंय, ते येईस्तोवर दर पंधरा मिनिटांनी बघ." संपलं. वॉर्डात हे एसबीएआर म्हणून शिकवतात: आत्ता काय झालंय, मागे काय झालं, मला काय वाटतं, तू काय करायचंस. चार वाक्यांत उत्तम परिच्छेद बोलून ही बाई आत आली, पेन उघडलं आणि वडिलांच्या मधुमेहापासून सुरू झाली.

तेव्हापासून दोन खुर्च्या पाठीला पाठ लावून ठेवते. एकीने पत्र तोंडी सांगायचं, दुसरीने ऐकायचं. ऐकणारीला मध्येच "हे मला कशाला सांगतेस?" म्हणायची मुभा. आधी मराठीत, मग इंग्रजीत, कागद सगळ्यात शेवटी. काय आधी लिहायचं हा प्रश्न यातून बराच सुटला.

काय गाळायचं हा मात्र सुटलेला नाही. हात धजावत नाही त्यांचा. वॉर्डात एखादी नोंद राहिली तर मेमो मिळतो. दहा वर्षं जिने काहीही न गाळण्यासाठी पगार घेतला, तिला मी सांगते की निम्मं गाळ.

चाकणचा शिफ्टवाला:
तो मेमोचा मुद्दा अगदी पटला. मी सेफ्टी ट्रेनिंगला असतो. अपघात होता होता वाचला की सुपरवायझरने इंग्रजीत रिपोर्ट लिहायचा. माणसं हुशार, पण लिहायला बसली की थेट पंचनामा. एक वाक्य ७३ शब्दांचं निघालं, मी मोजले. 'अँड', 'अँड ड्यू टू दॅट', 'अँड देन'.

नियम काढला, १०० शब्दांत कमीत कमी ७ पूर्णविराम. झालं! आधी सगळं लिहून काढलं आणि मग मिरवणुकीत गुलाल टाकावा तशी टिंबं टाकली. 'द ऑपरेटर वॉज. स्टँडिंग निअर द प्रेस अँड. ही.' नियम त्याच दिवशी मागे घेतला.

आता लिहिलेलं उभं राहून मोठ्याने वाचायला लावतो. दम लागला की वाक्य तोडायचं. दमाला व्याकरण कळत नाही, पण माझ्या नियमापेक्षा त्याला जास्त कळतं.

एक गोष्ट मात्र माझ्या हाताबाहेरची आहे. 'द गार्ड वॉज रिमूव्ह्ड.' गार्ड म्हणजे मशीनवरचं संरक्षक झाकण. कोणी काढला? वर्गात शांतता. हा इंग्रजीचा प्रश्नच नाही, त्यामुळे तिथे मी चहा सांगतो.

जुनं दफ्तर:
थोडं अवांतर. चाकणकर, तुमच्या सुपरवायझरांना फार बोल लावू नका. मोडी कागद पाहिलेत तर कळेल, पानभर सलग मजकूर, विरामचिन्हं नाहीत. मराठीत ती रुळवण्याचं श्रेय एकोणिसाव्या शतकातल्या मेजर थॉमस कँडींना देतात. एका परिच्छेदात एकच विषय आणि तो सुरुवातीला सांगावा, हे नियम इंग्रजीतही अलेक्झांडर बेन या स्कॉटिश प्राध्यापकाने १८६६ च्या पुस्तकात नीट मांडले. म्हणजे तसे नवीनच.

टँकरवाली:
मी शिकणाऱ्या बाजूची. वय ४७, माहेर परभणी, आता हैदराबाद. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून (पहिलीपासून झालं ते २००० साली), आणि तेही 'द काऊ' च्या दहा ओळी पाठ करण्याइतकंच.

सोसायटीत पाण्याचा टँकर दोन-दोन दिवस यायचा नाही. सेक्रेटरींना मी इंग्रजीत मेसेज लिहिला. क्लासच्या मॅडमना आधी दाखवला म्हणून लाज वाचली. सुरुवात 'रिस्पेक्टेड सर, होप यू अँड युअर फॅमिली आर इन गुड हेल्थ'. मग सोसायटीचं कौतुक. मग पाणी म्हणजे जीवन. टँकर सहाव्या ओळीत.

मॅडमनी एकही चूक दाखवली नाही. त्यांनी तो मेसेज स्वतःच्या दुसऱ्या फोनवर पाठवायला लावला आणि फोन उलटा करून माझ्यासमोर धरला. बंद स्क्रीनवर नोटिफिकेशनमध्ये दिसत होतं, 'रिस्पेक्टेड सर, होप यू अँड युअर...'. म्हणाल्या, "सेक्रेटरी एवढंच बघून फोन खिशात टाकणार."

मी पुन्हा लिहिला. 'बी विंगला सोमवारपासून पाणी नाही' हे पहिलं वाक्य. खरं सांगू? पाठवताना उद्धट वाटलं. आपल्यात कोणी दारात आल्या आल्या काम सांगत नाही, आधी पाणी देतो, मग "कसं काय येणं केलंत". मी शेवटी 'थँक यू' दोनदा लिहून भरपाई केली. टँकर आला संध्याकाळी. माझ्या मेसेजमुळेच आला असं म्हणत नाही.

ढाचा पाहिजेच:
वरचं सगळं छान आहे, पण मला झेपणारं नाही. मी आयईएलटीएसची (परदेशी जाणाऱ्यांची इंग्रजीची परीक्षा) बॅच घेतो, माणूस पाच आठवड्यांसाठी येतो, व्हिसाची तारीख डोक्यावर. दुसऱ्या प्रश्नाला ४० मिनिटांत किमान २५० शब्द. त्याला मी ढाचा देतो: मत, कारण, उदाहरण, परत मत. लाज नाही वाटत. पोहायला शिकवताना आधी डबा बांधतोच ना पाठीला?

पाठ केलेली वाक्यं मात्र देत नाही. 'इन धिस मॉडर्न इरा ऑफ ग्लोबलायझेशन' परीक्षकाला लगेच ओळखू येतं. 'मोरोव्हर' वर तर पाच रुपये दंड ठेवला होता. बॅचच्या शेवटी त्या पैशांत सगळ्यांची मिसळ झाली, यावरून कल्पना करा.

मिरजेचा वॉर्ड:
@ढाचा, डब्याला विरोध नाही. माझ्याकडे येणाऱ्यांचा डबा निघतच नाही, एवढंच. पत्रातही 'इन माय ओपिनियन' लिहितात.

लेस्टरची खिडकी:
इथे इंग्लंडमध्ये आठवड्यातून एकदा ईसॉलच्या (इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांसाठीच्या) वर्गात मदतनीस म्हणून जातो. एन्ट्री ३, म्हणजे साधारण आपण म्हणतोय तीच पातळी. गुजराती मावश्या, सोमाली तरुण, पोलिश ड्रायव्हर.

उत्साहात एकदा भाषाशास्त्रज्ञ रॉबर्ट कॅप्लनच्या १९६६ च्या लेखातली आकृती फळ्यावर काढली, कोणत्या भाषेचे लोक परिच्छेद कसा रचतात ते दाखवणारी. इंग्रजी परिच्छेद सरळ बाणासारखा, पूर्वेकडच्यांचा भोवऱ्यासारखा, रशियन तुटक वळणांचा वगैरे. पोलिश ड्रायव्हर म्हणाला, "आम्ही रशियन कधीपासून?" मावशी म्हणाल्या, "अने अमे क्यां?" (आणि आम्ही कुठे?) आणि आकृतीत त्या खरंच कुठे नव्हत्या. सोमाली मुलाने विचारलं की इंग्लिश लोक खरंच असं सरळ लिहितात का, आणि घरमालकाचं पत्र पुढे केलं. दोन पानं, आणि भाडं वाढलंय हे दुसऱ्या पानावर. फळा पुसला आणि उरलेला तास त्या पत्रातल्या एकेका परिच्छेदाला 'हा काय सांगतोय' असं विचारण्यात घालवला. वर्षातला सगळ्यात चांगला तास.

रात्रीची शाळा:
हेच मी मुंबईत रात्रशाळेत करतो, फक्त उत्तर मराठीत. स्वतःच्याच परिच्छेदाच्या समासात तीन शब्द मराठीत लिहायचे: 'पगार उशिरा झाला'. तीन शब्द सुचत नसतील तर परिच्छेदात काही नाही. दोन वेगवेगळे तीन शब्द सुचले तर परिच्छेद फोडायचा. साडेआठला ड्युटी करून आलेल्या माणसाला यापेक्षा जास्त सांगू नये. (पुस्तकातलं हॅम्बर्गरचं चित्रही दाखवलं होतं, वरचा पाव म्हणजे सुरुवात, मधलं सारण म्हणजे तपशील, खालचा पाव म्हणजे शेवट. नेमकी चतुर्थी होती, निम्मा वर्ग उपाशी.)

शनिवारची बॅच:
सगळ्यांचे आभार. या शनिवारी मिरजेच्या खुर्च्या आणि टँकरताईंचा फोन, दोन्ही वापरलं. खुर्च्यांवर नुसता गोंधळ. १४ जण एकदम बोलले की कोणालाच ऐकू येत नाही, माझा हॉल लहान आहे. फोन चालला. तिघांनी तरीही 'वर्क इज वर्शिप'च पाठवलं.

डाईंगवाल्या काकांनी बराच वेळ घेतला. माझ्या फोनवर आलं: 'ब्लू वॉज राँग अगेन.' सुरुवातीचं 'द' नाही. मी तसंच ठेवलं.

मिरजेचा वॉर्ड:
मग? निळ्याचं काय झालं पुढे?

शनिवारची बॅच:
पाणी बदललं होतं म्हणे. टँकरऐवजी बोअरचं घेतलं, ते जड, त्यात शेड मळली. मालकाला सांगितलं का, ते दुसऱ्या परिच्छेदात लिहितो म्हणालेत. गुरुवारी कळेल.